आक्काचा नातू खरं बोलला

"बाई, हायसा काय घरात?"

परड्यातून आक्काची अशी हाक आली की ओळखायचं, बातमी ताजी आहे. शिळी बातमी ती रस्त्यात उभी राहून, चार माणसांत सांगते. ताजी असली की कुंपणापाशी येते आणि पदर तोंडाशी धरते.

"आमच्या नातवानं माणसं धरून दिली की हो शिपायास्नी!"

हातातली भाजी तशीच टाकून मी कुंपणाशी गेले. नातू बेळगावात इंजिनिअरिंगला. पोरगं सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमच्या येळ्ळूरात कुणाचं काय झालं म्हणून मी विचारायला लागले, तर आक्का म्हणाली, "गावातली न्हवंत. ती कुठली की, पळून चाललेली. बायकापोरं व्हती म्हणं. शिपायांनी इचारलं, कुठनं गेली? तर ह्येनं सांगून टाकलं. आता दोस्त बोलायला तयार न्हाईत. फोनवर नुस्ती शिव्यागाळ चाललीया सकाळपासनं."

तेवढ्यात नातूच बाहेर आला. डोळे चोळत. "आज्जी, गेम आहे ती. किती वेळा सांगू?"

मग उलगडा झाला. ही पोरं रविवारी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या. एकजण कथा रचत जातो, बाकीचे त्या कथेतली पात्रं होऊन बोलतात, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकतात. हा पॅलाडिन झालाय, म्हणजे व्रत घेतलेला योद्धा. त्याचा स्वभाव कागदावर लिहिलेला असतो: 'लॉफुल गुड'. कायदा पाळणारा आणि भला. कथेत एका जुलमी सरदाराची कुळं रानात पळाली, मागून शिपाई आले, आणि यानं छाती पुढं काढून खरं ते सांगितलं.

"माझं कॅरॅक्टर खोटं बोलूच शकत नाही, बाई. नियमच तो आहे."

मी म्हटलं, बाळा, तुझ्या आधी एकजण हेच करून नरकात गेलाय.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण ही गोष्ट सांगतो. कौशिक नावाचा ब्राह्मण, गावाबाहेर नद्यांच्या संगमावर राहणारा, सदा खरंच बोलायचं असं व्रत घेतलेला. दरोडेखोरांना भिऊन माणसं त्याच्याजवळच्या रानात शिरली. दरोडेखोर आले, म्हणाले, तू खरं बोलणारा, सांग कुठं गेली. त्यानं सांगितलं. माणसं मारली गेली, आणि कौशिक सत्याच्या पुण्याईवर स्वर्गात जाण्याऐवजी थेट खाली गेला.

"बरं झालं," आक्का म्हणाली. "असल्याला तिथंच पाठवाय पाहिजे."

नातवाचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण तो हटणारा नव्हे. त्यानं मोबाईलवर एक तक्ता काढून कुंपणावरून पुढं केला. नऊ घरं. उभे तीन प्रकार: कायदेशीर, मधले, बेबंद. आडवे तीन: भले, मधले, वाईट. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ काढला तेव्हा नुसतं कायदा, मध्यम आणि बेबंद एवढंच होतं. भलं-बुरं वेगळं लिहिलेलं नव्हतं. नऊ घरं १९७८ पर्यंत झाली. म्हणजे कायदेशीर माणूस वाईटही असतो, हे कळायला त्यांना काही वर्षं लागली. आक्काला चार सेकंदही लागले नाहीत.

"कायदेशीर नि वाईट? कागद सगळे बरोब्बर, याज पण लिवल्यापरमानं, आणि माणूस मरणाचा वंगाळ. असा एक आपल्याच गल्लीत व्हता की."

"नावं नकोत हं आक्का."

"नाव कोण घ्यायलंय? वारला त्यो." मग तिनं बेबंद आणि भल्याच्या घरात आपल्या थोरल्या दिराला बसवलं, जो रात्री दुसऱ्याचा बांध फोडून विधवा भावजयीच्या भाताला पाणी सोडायचा आणि सकाळी वर तोंड करून विचारायचा, बांध कुणी फोडला म्हणून. नऊपैकी सहा घरं अशी भरली. उरलेल्या तिनांत कुणाला बसवायचं यावर आमचं एकमत झालं होतं, पण पोरासमोर ते बोलण्यासारखं नव्हतं.

नातू सांगत होता, जुन्या पुस्तकांत पॅलाडिनला नियम कडक होते. मिळकतीचा दहावा हिस्सा धर्माला द्यायचा. ("आमच्या चांगळेश्वरीला कोण देतंय दहावा हिस्सा?" इति आक्का.) बेबंद वागला तर वरच्या दर्जाच्या धर्मगुरूपुढं कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यायचं. जाणूनबुजून पाप केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, सगळ्या शक्ती खलास, मग नुसता साधा लढवय्या.

हे ऐकून मला धर्मराजाचा रथ आठवला. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं आणि हत्ती हे हळू म्हटलं, आणि चाकं भुईला टेकली. कुणी कोर्ट भरवलं नाही, साक्षी काढल्या नाहीत. रथ खाली आला, बस्स. गायगॅक्सनं महाभारत वाचलं होतं की नव्हतं ते असो, पण शिक्षा दोन्हीकडं एकाच जातीची आहे.

"मग मी बरोबरच की!" नातू उसळला. "खोटं बोललो असतो तर माझ्या शक्ती गेल्या असत्या."

"गेल्या असत्या तर गेल्या असत्या," मी म्हटलं. माझं भांडण इथंच आहे. पोरांना वाटतं, व्रत म्हणजे आपण स्वच्छ राहायचं. दुसऱ्यांच्या बायकापोरांच्या जिवावर राखलेला स्वच्छपणा काय कामाचा? भीष्मानं प्रतिज्ञा आयुष्यभर पाळली आणि भर सभेत नातसून ओढली जाताना धर्माची गती सूक्ष्म म्हणून मान खाली घालून बसला.

आक्का म्हणाली, "म्हातारा असाच खाली बघत बसलेला. टीव्हीवर बगितलंय मी." तिच्या लेखी त्याचा निकाल कधीच लागलाय.

पण नियम नकोच असंही नाही, आणि तिथं पोराचं म्हणणं मला पटतं. अर्जुनाची एक प्रतिज्ञा होती, गांडीव दुसऱ्याला देऊन टाक असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. आणि युद्धात जखमी होऊन शिबिरात पडलेला थोरला भाऊच रागानं ते बोलला. अर्जुनानं तलवार उपसली. आता? कृष्णानं तोड काढली: वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणं म्हणजे त्याला मारल्यासारखंच. झालं! अर्जुनानं धर्मराजाला तोंडाला येईल ते ऐकवलं, प्रतिज्ञा पुरी. मग त्याला इतका पश्चात्ताप की स्वतःचा गळा कापायला निघाला. कृष्ण म्हणाला, थांब, स्वतःची स्तुती करणं म्हणजे आत्महत्याच. कर सुरू.

"म्हंजे निवडणुकीला हुबं राहत्यात ती सगळी रोज मरत्यात म्हणा की," आक्का म्हणाली आणि हसता हसता तिला ठसका लागला.

नातू मात्र गंभीर. "पण मग नियम मोडायचा कधी, ते कोण ठरवणार? प्रत्येकजण म्हणणार, माझं कारण चांगलं आहे."

प्रश्न रास्त होता, आणि येळ्ळूरात, म्हणजे कर्नाटकात राहून महाराष्ट्र मागणाऱ्या गावात उभं राहून विचारला होता. जुलै २०१४ मध्ये तो शाळकरी पोर होता. वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हायकोर्टाच्या आदेशावरून काढला, गावकऱ्यांनी तो परत उभा केला, परत काढला, आणि गावात लाठीमार झाला. कायदा कुठल्या बाजूला होता हे कागदावर स्पष्टच होतं. लाठी उचलणाराही हुकूमच पाळत होता. आणि आमच्या गल्लीतली माणसं, जी घरपट्टी वेळेवर भरतात, गावच्या मैदानात कुस्ती चीत झाली की मुकाट मान्य करतात, ती बेबंद होती म्हणू?

"आम्ही काय चोऱ्या केल्या?" आक्काचा आवाज चढला. "बोर्ड लावला तो दिवसाढवळ्या लावला. पुढं तारखा पडल्या, त्या तारखांना गेली की पोरं. कामं बुडवून गेली."

मला पॅलाडिनबद्दल एवढंच म्हणायचं होतं, आणि ते आक्कानं माझ्या आधी म्हटलं. नियम मोडला तर तोंड लपवायचं नाही, तारखेला जायचं. द्रौपदी एका भावाबरोबर असताना दुसऱ्यानं आत जायचं नाही, गेला तर बारा वर्षं वनवास, असा पांडवांनी आपसांत नियम केला होता. एका ब्राह्मणाच्या गायी चोरांनी नेल्या, आणि शस्त्रं नेमकी धर्मराज नि द्रौपदी होते त्याच दालनात. अर्जुन आत गेला, शस्त्रं घेतली, गायी सोडवून आणल्या. धर्मराज म्हणाला, राहू दे, माझी काही तक्रार नाही. तरी अर्जुनानं बोचकं बांधलं. धर्मात पळवाट काढायची नाही, म्हणाला, आणि निघाला.

नातू थोडा वेळ गप्प. मग म्हणाला की नव्या, पाचव्या आवृत्तीत तसंच काहीसं केलंय. लॉफुल गुड असायलाच पाहिजे ही अट नाही, आता पॅलाडिन ज्यानं त्यानं घेतलेल्या शपथेला बांधलेला. ती आवृत्तीही २०१४ चीच, हे त्यानं सांगितलं तेव्हा आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"मग रविवारी काय करणारेस?"

"सरदाराच्या कोठडीतनं त्या लोकांना सोडवीन. आणि मग स्वतः हजर होईन. शक्ती गेल्या तर जाऊ देत."

"हजर कशाला?" आक्का कळवळली. खेळातला असला तरी नातू तो नातूच. "बाई, त्यो अर्जुन वनवासात गेला, त्येचं पुढं काय झालं? लई हाल झाले का?"

"हाल कसले! ब्रह्मचर्य पाळायचं ठरलं होतं. गंगेच्या काठावर उलूपी भेटली, पुढं मणिपूरला चित्रांगदा, शेवटी द्वारकेत सुभद्रा."

"तीन?"

"उलूपीनं त्याला पटवलंच तसं. म्हणाली, तुमचं ब्रह्मचर्य द्रौपदीपुरतं ठरलेलं, ते मला लागू होत नाही."

आक्कानं कपाळावर हात मारला. "काय डोकं म्हणायचं बाईचं! आपली सीमाभागाची केस सुप्रीम कोर्टात २००४ पासनं पडलीया न्हवं? तिथं उभी कराय पाहिजे हुती हिला."