क वर्गात एकटा ङ

मराठी माणसाला कुठल्याही परक्या भाषेची वर्णमाला दाखवू नये. पाच-पाच अक्षरांचे वर्ग त्याला पहिलीतच पाठ झालेले असतात. तो लगेच हजेरी घ्यायला लागतो. मी क्लिंगॉनची घेतली. ‘स्टार ट्रेक’मध्ये कपाळावर कंगोरे असलेली जी भांडखोर जमात आहे, तिची ही भाषा.

क वर्ग. क गैरहजर. ख, ग, घ गैरहजर. आलाय कोण, तर ङ! मराठीत ज्याला एकही शब्द सुरू करायला मिळाला नाही, तो तिथे शब्दाच्या तोंडाशी ऐटीत बसतो. च वर्गातून च आणि ज. ट वर्गातून एकटा ड, पण जीभ मागे वळवलेला, अस्सल आपल्या डमरूतला. त्याच्या जोडीचा ट मात्र इंग्रजांचा, हिरडीला जीभ टेकवून भागवलेला. द नाहीच. श नाही, स नाही, पण पोटफोड्या ष आहे! व्याकरणाचे मास्तर सोडले तर महाराष्ट्रात त्याला कोणी विचारत नाही. बिचाऱ्याला न्याय मिळाला तो थेट परग्रहावर.

हा सगळा सावळागोंधळ मुद्दाम घातलेला आहे. १९७९च्या चित्रपटात क्लिंगॉनांच्या तोंडी जी मोजकी वाक्यं होती, ती जेम्स डूहान या नटाने रचली होती. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांवरून अख्खी भाषा उभी केली. त्याने पाहिलं, की माणसांच्या भाषांत ध्वनी सहसा जोडीजोडीने नांदतात. मग त्याने जोड्याच फोडल्या. यातला प्रत्येक ध्वनी पृथ्वीवर कुठे ना कुठे सापडतो. असं कडबोळं मात्र सापडत नाही. एकूण २१ व्यंजनं आणि ५ स्वर. रोमन लिपीत लिहिताना लहान क्यू वेगळा, मोठा क्यू वेगळा; मोठा म्हणताना समोरच्याने जरा लांब बसलेलं बरं.

गंमत म्हणजे लहान क्यू हा उर्दूतला क़. शिवाय ख़ आहे, ग़ आहे. ज्या तीन ध्वनींवर मुशायऱ्यात माना डोलतात, तेच इथे तलवार उपसताना वापरतात. तेव्हा क्रौर्य ध्वनीत असतं हे मला आता पटत नाही. ते आवाजाच्या पट्टीत असतं, हे सोसायटीच्या वार्षिक सभेला गेलेला कोणीही सांगेल.

खरी परीक्षा ‘ट्ल्ह’ची. जीभ ट ला लावायची, तिथेच ठेवायची आणि हवा दोन्ही कडांनी फुसकन सोडायची. क्लिंगॉनांचं स्वतःचं नाव याच ध्वनीने सुरू होतं. क नसल्यामुळे त्यांना आपल्यासारखं ‘क्लिंगॉन’ म्हणताच येत नाही. मी न्हाणीघरात याचा सराव करत होतो, तर आईने बाहेरून विचारलं, “काय रे, घशात काही अडकलंय का?” बाहेर आलो तेव्हा हळद घातलेलं दूध तयार होतं.

आपली फजिती मात्र व पाशी होते. क्लिंगॉनमध्ये व्ही आणि डब्ल्यू हे दोन स्वतंत्र ध्वनी आहेत, आणि आपण व्हॅन आणि वन एकाच ओठांनी उरकणारी माणसं. तिथे आपला डमरूतला ड उपयोगी पडत नाही.

तरी धीर सोडू नये. चित्रीकरणात एखाद्या नटाचा उच्चार चुकला आणि प्रसंग चांगला वठला असला, तर ओक्रँड काही वेळा नटाला न सुधारता भाषाच सुधारून घेई. १९८५ साली त्याचा क्लिंगॉन शब्दकोश निघाला, त्यातही अशा चुकांची सोय लावलेली आहे. आमच्या शाळेत श-ष वरून तळहातावर पट्ट्या बसत. शुद्धलेखनाचे नियम पुढच्या खेपेला बदलायला घेतील, तेव्हा समितीवर हा गृहस्थ जरूर घ्यावा.