पेटीला कुलूप, न्हाणीघराला कडी नाही

सर्वप्रथम अभिनंदन. आदिवासी डोंगरपट्ट्यातल्या आणखी एका महाविद्यालयाने आपल्या वार्षिक अहवालात ‘तक्रारी : निरंक’ असं छापलं आहे. रॅगिंग निरंक, छेडछाड निरंक, चोरी निरंक, मारामारी निरंक, जातीवरून हिणवणं निरंक. हजारभर तरुण पोरं-पोरी एका आवारात वर्षभर नांदली आणि कुणी कुणाला साधा धक्कासुद्धा मारला नाही. एवढं पावित्र्य देवळातही नसतं. तिथून निदान चपला तरी जातात.

महाविद्यालय कुठलं, ते विचारू नका. धडगावात विचाराल तर मोखाड्याकडे बोट दाखवतील, मोखाड्यात धारणीकडे आणि धारणीत भामरागडकडे. तुम्ही ते पाहिलेलं आहे. दर्शनी भिंतीवर वारली चित्रं (तालुक्यात औषधालाही वारली नसला तरी), फाटकाशी संस्थापकांचा अर्धपुतळा, ‘शिस्त हाच विद्यार्थ्याचा अलंकार’ अशी पाटी, आणि प्राचार्यांच्या केबिनबाहेर ओळीने टांगलेल्या चार तक्रारपेट्या.

पेट्या सुबक आहेत. लाल पेटी रॅगिंगविरोधी समितीची. निळी विद्यार्थी तक्रार निवारणाची. अंतर्गत तक्रार समितीची अर्थातच गुलाबी, वर एक फूलही रंगवलेलं. चौथी पिवळी, सूचनापेटी. ती कुठल्या समितीची हे आता कुणालाच सांगता येत नाही. चारींना कुलपं आहेत, आणि कुलपं घाऊक घेतल्यामुळे एकच किल्ली चारींना लागते. ही किल्ली ज्या सरांच्या जुडग्यात असते ते सर सगळ्याच समित्यांचे सचिव आहेत. शिवाय ते शिस्तपालन समितीचे प्रमुख आहेत, आणि महिला अधीक्षकांचं पद रिक्त असल्यामुळे मुलींच्या वसतिगृहाचा तात्पुरता कार्यभारही त्यांच्याकडेच आहे. तात्पुरता म्हणजे पद भरेपर्यंत. तेव्हा वसतिगृहाविरुद्ध तक्रार आली तर पेटी सचिव उघडणार, आणि सचिवांविरुद्ध आली तरी पेटी सचिवच उघडणार. कामात सातत्य राहतं.

पेट्यांच्या बरोब्बर वर सीसीटीव्ही कॅमेरा आहे. मागे कुणीतरी निळ्या पेटीचं कुलूप लांबवलं, म्हणून पेट्यांच्या सुरक्षिततेसाठी तो बसवला. पडदा प्राचार्यांच्या टेबलावर. म्हणजे चिठ्ठी टाकणारीचं थेट प्रक्षेपण. तेवढ्यानेही काम भागलं नाही, तर पेट्यांखालच्या स्टुलावर शिपाईमामा असतात. मामा स्वभावाने प्रेमळ. पोरगी पेटीपाशी घुटमळली की म्हणतात, “कसला कागद गं? आण इकडे, मी टाकतो.”

अशा पेट्या एरवी उघडण्याचं कारण नव्हतं. पण मूल्यांकनाची समिती यायची म्हटल्यावर भिंतींना चुना लागतो, ग्रंथालयातल्या पुस्तकांवरची धूळ हलते, आणि पेट्या उघडून पंचनामा करावा लागतो. तो झाला. लाल पेटीत गुटख्याची रिकामी पुडी निघाली. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी असल्यामुळे ती गुटख्याची असू शकत नव्हती, सबब ‘रंगीत कपटा, नग 1’ अशी नोंद झाली. निळीत एसटीचं जुनं तिकीट. गुलाबीत कुंभारीण माशीने मातीची दोन घरं बांधली होती. वर्षानुवर्षं झाकण हललेलं नाही, याचा इतका निर्विवाद पुरावा कुठल्याही ऑडिटला मिळणार नाही. आणि पिवळ्या पेटीत एक चिठ्ठी होती. वहीच्या पानाची, घडी करून करून बोटाएवढी केलेली. तिच्यावर लिहिलं होतं : ‘मुलींच्या वसतिगृहात न्हाणीघराच्या दाराला आतून कडी नाही.’ खाली सही नाही.

महाविद्यालयाची समिती बसली. पहिला मुद्दा असा की ही तक्रार म्हणायची की सूचना? चिठ्ठी सूचनापेटीत सापडली, अर्थात ही सूचना. तक्रारी निरंकच राहिल्या. इतकी तातडीची बाब मार्गी लागल्यावर दुसरा मुद्दा आला : चिठ्ठी लिहिली कुणी? त्यासाठी वसतिगृहातल्या सगळ्या मुलींच्या प्रॅक्टिकलच्या जर्नल्स मागवण्यात आल्या आणि अक्षर जुळवण्याचं काम दोन तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना देण्यात आलं, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तिसरा मुद्दा कडीचा होता. पण वेळ संपत आली होती आणि चहाही आला होता. तेव्हा बाहेर नोटीस लागली : ‘विद्यार्थिनींनी स्नानास जाताना एका मैत्रिणीस दाराबाहेर उभे करावे. सदर मैत्रिणीने मोठ्या आवाजात बोलत राहावे, मात्र वसतिगृहाच्या शांततेचा भंग होणार नाही याची दक्षता घ्यावी.’

आता या कडीकडे जरा बघा. तालुक्याच्या बाजारात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात ती मिळते. बरोबर चार स्क्रू येतात. सुताराचं अर्ध्या तासाचं काम; सुतार नसेल तर शिपाईमामांनाही जमेल. पण कडी घ्यायची कुठल्या शीर्षाखाली? ‘सुरक्षा’ या शीर्षाखाली कॅमेरे येतात, कडी येत नाही. कडी ‘देखभाल-दुरुस्ती’त जाते, पण दुरुस्ती मोडलेल्या वस्तूची होते, आणि इथे कडी मुळात बसवलेलीच नव्हती, जे नव्हतंच ते मोडणार कसं? मग ते नवीन बांधकाम झालं. नवीन बांधकामाला अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, तीन दरपत्रकं. त्या गावात हार्डवेअरचं दुकान एकच असल्यामुळे तीन दरपत्रकं आणायची तर दुकानदाराला आणखी दोन दुकानं काढायला सांगावं लागेल. कॅमेऱ्यांचं तसं नाही. कॅमेरे जिल्ह्याहून आले, ठेकेदारासकट आले, उद्घाटनासकट आले. त्यांच्यापुढे नारळ फुटला, फीत कापली, फोटो छापून आला. कडीचं उद्घाटन कोण करणार? न्हाणीघराच्या दारात उभं राहून फीत कापायला कुठला पुढारी येणार? ज्या वस्तूपुढे फोटो काढता येत नाही ती वस्तू आपल्याकडे मंजूर होत नाही. शिवाय कॅमेऱ्यात साठवलेलं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवीन चढतं. समितीची बैठक तिमाहीतून एकदा. म्हणजे समिती पुरावा बघायला बसेल तेव्हा कॅमेऱ्यातही सगळं निरंक.

हे सगळं मूर्खपणाने होतं असं वाटत असेल तर तुम्ही भोळे आहात. हे कायदा नीट वाचून होतं. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा 1999 पासून आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर पोरांना निलंबित करून प्रकरण पोलिसांत द्यायचं. टाळाटाळ केली तर या गुन्ह्याला त्यानेच चिथावणी दिली असं धरलं जातं. 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांनी तर माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत गुन्हा नोंदवायला सांगितलं. बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायदा 2012 चा. आवारात अकरावी-बारावीची पोरंही असतात, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर त्याला वर्षभराची कैद होऊ शकते. 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा म्हणतो, समिती नेमली नाही तर 50,000 रुपये दंड.

कायदे कडक आहेत, आणि गंमत त्यातच आहे. समिती नेमली नाही तर दंड, म्हणून समिती नेमली जाते. तक्रारीची दखल घेतली नाही तर शिक्षा, म्हणून तक्रार येऊ दिली जात नाही. दोन्हीकडे कायद्याचं तंतोतंत पालन. तक्रारीनंतर प्राचार्यांचे चोवीस तास सुरू होतात. तक्रारीआधी त्यांच्याकडे नेमणुकीची पाच वर्षं असतात. शहाणा माणूस कुठल्या बाजूला मुक्काम करील?

तिकडे अमेरिकेत मूळनिवासी जमातींनी स्वतः चालवलेली महाविद्यालयं आहेत. पहिलं 1968 सालचं. 1990 च्या एका कायद्यामुळे तिथल्या सरकारी विद्यार्थी-मदतीत सामील असलेल्या इतर महाविद्यालयांप्रमाणे त्यांनाही दर वर्षी 1 ऑक्टोबरपर्यंत आवारातल्या गुन्ह्यांचे तीन वर्षांचे आकडे जाहीर करावे लागतात. सुरक्षा विभाग असेल तर रोजची गुन्हेनोंदही ठेवायची, दोन कामकाजाच्या दिवसांत भरायची, आणि कुणीही येऊन मागितली तर दाखवायची. शून्य लिहायला तिथेही बंदी नाही. पण शून्य खोटं निघालं तर दंड आहे. आपल्याकडे खोट्या शून्याला मूल्यांकनात गुण आहेत.

तरीही एखादी पोरगी तक्रार करायला निघालीच, तर तिला लेखी द्यावं लागतं. कशात? घरी ती पावरी बोलते, किंवा कोरकू, किंवा माडिया. मराठी तिची शाळेतली भाषा, आणि तक्रारीचा छापील नमुना ज्या मराठीत आहे ती तर माझीही भाषा नव्हे : ‘उपरोक्त घटनेचा तपशील साक्षांकित पुराव्यांसह’. ज्या बाईला लिहिता येत नसेल तिला तक्रार लिहून द्यायला मदत करा, असं 2013 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. मदत होते की. मदत करणारे सर विचारतात, “बाळ, नाव लिहायचं का नक्की? घरी कळवावं लागेल. वडील शिक्षण बंद करतील बघ.” आणि ते खोटं बोलत नाहीत. वडील खरंच बंद करतील. ज्या घरातून पहिलीच पोरगी बाहेर पडलेली असते त्या घराला पोरगी परत आणायला एक फोन पुरतो, हे सरांना ठाऊक आहे, आणि एवढ्या एका माहितीवर आख्खी निरंक संस्कृती उभी आहे. मग पोरगी मुकाट हमीपत्र लिहून देते. कशाचं? तर ‘यापुढे मी असे गैरसमज पसरवणार नाही’ याचं. ज्याने हात लावला त्याचं हमीपत्र कुठल्या फायलीत आहे, दाखवा. नाहीच. तो संस्थेतल्या कुणाचा तरी भाचा आहे, आणि भाच्यांना हमीपत्राचा नमुना लागू नाही.

पोरींसाठी मात्र शिस्त आहे. संध्याकाळी सहाला फाटक बंद. ओळखपत्र नसेल तर दंड. गॅलरीत ओले केस सोडून उभं राहू नये, अशीही एक नोटीस आहे. याच राज्यात आदिवासी मुलींच्या वसतिगृहात सुट्टीवरून परतणाऱ्या मुलींना गर्भचाचणी करायला लावल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आणि पान उलटलं. पोरीचा देह तपासायला यंत्रणेला शीर्ष सापडतं, मान्यता मिळते, किटसुद्धा मिळतं. चार स्क्रू तेवढे मिळत नाहीत! आणि वर हीच मंडळी पालक मेळाव्यात छाती काढून सांगतात, “तुमच्या मुली आमच्याकडे सुरक्षित आहेत.” कुणापासून, ते एकदा माइकवर सांगून टाका.

असो. रॅगिंगविरोधी हमीचं काय होतं तेही सांगतो, कारण ते कागदोपत्री शंभर टक्के पूर्ण आहे. ही हमी ऑनलाइन भरतात. तालुक्याला एका कॅफेवाल्याकडे रांग लागते. पालकांच्या ई-मेलचा रकाना आला की पोरगं वडिलांकडे बघतं, वडील कॅफेवाल्याकडे बघतात, आणि कॅफेवाला आपलाच पत्ता टाकून मोकळा होतो. त्यामुळे कागदावर हा माणूस पंचक्रोशीतल्या शेकडो लेकरांचा बाप आहे. उद्या कुणाचं रॅगिंग झालं तर पहिली खबर त्यालाच लागणार.

पोलिसांत जावं म्हणाल, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे कुठल्याही ठाण्यात, हद्द कुठलीही असो, फिर्याद देता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, तीन दिवसांत सही केली की झालं. फक्त रेंज पाहिजे. ती टेकडीवर मिळते आणि टेकडी फाटकाबाहेर आहे.

मूल्यांकन समितीने पेट्या पाहिल्या, रंग आवडले. शेऱ्यात एवढंच लिहिलं, की तक्रार निवारणात आधुनिक तंत्रज्ञानाचा वापर वाढवावा. संस्थेने तो लगेच मनावर घेतला. पेट्या उतरल्या आणि त्याच जागी, त्याच कॅमेऱ्याखाली, एक क्यूआर कोड चिकटवला : ‘स्कॅन करा, निर्भयपणे तक्रार नोंदवा.’ आवारात मोबाइल वापरायला बंदी आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी त्या कोडपुढे फोन धरून उभी असलेली पडद्यावर दिसली. मामांनी फोन काढून घेतला, सरांनी 500 रुपयांची पावती फाडली. पुढच्या अहवालाचा मसुदा तयार आहे. तक्रारी : निरंक. शिस्तभंगाची प्रकरणे : 1. पैकी निकाली : 1.