चेअरमनसाठी खंडोबा पॅटर्न

सोसायटीच्या संचालकांची निवड नेमकी कोणत्या पद्धतीनं व्हावी, यावर सध्या अणदुरात पारापारावर खल चालू आहे असं समजा. कायदा सरळ आहे : शेअर एक असो वा शंभर, मत एकच. मात्र जेवढ्या जागा तेवढे शिक्के. आदल्या रात्री निरोप फिरतो, ‘कपबशी दिसली की हाणा शिक्का, वरपासून खालपर्यंत!’ मग 51 टक्केवाल्यांचं पॅनेल सगळ्या जागा घेऊन जातं आणि उरलेले 49 टक्के वार्षिक सभेत चहा प्यायला येतात.

पसंतीक्रम लावावा, तर पदवीधर मतदारसंघात 1, 2, 3 लिहिताना भल्याभल्या पदवीधरांची मतं बाद होतात. शिवाय गावात दुसरी पसंती कुणाला कळली, तर ठरलेली सोयरीक मोडायची.

चिठ्ठ्या टाकाव्यात? तमिळनाडूतल्या उत्तरमेरूरला दहाव्या शतकात मडक्यातून चिठ्ठी काढून सभासद नेमत. पण मागचा हिशेब न देणारा आणि त्याचे नातेवाईक यांची चिठ्ठी मडक्यात पडतच नसे. ती अट इथं लावली तर मडकं रिकामंच राहील.

म्हणून आपली खरी पद्धत एकच : बिनविरोध. माघारीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकदम गावाचं हित सुचतं. चेअरमनकीला चार दावेदार, मुदत पाच वर्षं. प्रत्येकी सव्वा वर्ष. पहिल्याकडून तारीख न घातलेला राजीनामा आधीच लिहून घेतात. सव्वा वर्ष भरलं की त्याचा फोन बंद लागतो.

अशांनी खंडोबाकडं बघावं. मूर्ती एक, गावं दोन. सव्वादहा महिने अणदूर, पावणेदोन महिने नळदुर्ग. दोन्हीकडच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो आणि मुदत भरली की देव पालखीत बसून निघतो. ‘विकासकामं अपुरी आहेत’ म्हणून त्यानं कधी मुदतवाढ मागितली नाही, की मानकरी फोडून सहलीला नेले नाहीत.

तेव्हा आमची सूचना : मतदान कसंही घ्या, सव्वा वर्षानं सोसायटीच्या दारात पालखी, वाजंत्री आणि भंडारा हजर ठेवा. अडचण फक्त एक. देवाला पुढच्या गावातही देऊळ आहे. आमच्या चेअरमनला खुर्चीतून उठल्यावर दारातला वाजंत्रीवालासुद्धा ओळखत नाही.