दाजींच्या तीन चुली

दाजींचा संगणक माडीवर, लोणच्याच्या बरण्यांशेजारी. डबा कोल्हापुरातून सुटे भाग आणून स्वतः जुळवलेला, आणि आत उबंटू लिनक्स. "विंडोज म्हणजे भाड्याची खोली रे. हे आपलं स्वतःचं," असं दाजी मला दर दिवाळीला ऐकवतात. स्वतःचं आहे खरं. फक्त सात-आठ वर्षं झाली, अजून बांधूनच चाललंय.

दाजी साखर कारखान्याच्या अकाउंट्समध्ये हेडक्लार्क आहेत. सगळी हयात कीर्द-खतावणीत गेलेली. दिवसभर आकड्यांत डोकं घातल्यावर दुसरा कुणी टीव्हीपुढे पाय पसरेल, पण दाजी बाह्या दुमडून माडीवर जातात आणि काहीतरी इन्स्टॉल करतात. ही जात मला आता ओळखू येते. थाटामाटात वास्तुशांत करायची, शेजारपाजार जेवू घालायचा, आणि राहायला मात्र जुन्याच खोलीत.

ताईनं 2024 च्या पाडव्याला भिशी धरली. हप्ता हजाराचा, हिस्से बारा, दर महिन्याला चिठ्ठी. हिशेबाला एक चाळीस पानी वही. दाजींनी ती चाळली आणि कपाळावर चष्मा चढवून म्हणाले, "हे रिलेशनल डेटाबेसमध्ये पाहिजे."

ताई म्हणाली, "बरं."

त्या रविवारी मी तिथेच होतो. दाजींनी आंघोळ करून, देवपूजा आटोपून टर्मिनल उघडलं. सुडो, एपीटी, इन्स्टॉल, आणि शेवटी त्यांनी निवडलेल्या डेटाबेसचं नाव, पोस्टग्रेस्क्यूएल. पासवर्ड टाकला, एन्टर मारला. अक्षरं सरसर वर गेली आणि दोन मिनिटांत सगळं थांबलं. इन्स्टॉल झालं होतं. दाजींचा चेहरा पडला. अख्खा रविवार राखून ठेवलेला माणूस, चहावर अजून सायही धरली नव्हती.

पण देव दयाळू. दाजींनी आत शिरायला पोस्टग्रेस या युजरचं नाव दिलं आणि पडद्यावर लाल नसली तरी लालभडक वाटणारी ओळ आली: फेटल, पीअर ऑथेंटिकेशन फेल्ड.

"फेटल!" दाजी आनंदानं ओरडले.

"काय फेटलं?" ताई खालून म्हणाली. तिच्या हातात ताकाची रवी होती.

मग दाजींनी मला समोर बसवून समजावलं. पोस्टग्रेस दारावर पासवर्ड विचारतच नाही. तुम्ही लिनक्समध्ये ज्या नावानं बसलात, त्याच नावानं आत यायचं. दाजी बसलेले दाजी म्हणून आणि नाव सांगतायत दुसऱ्याचं, म्हणून हाकलले. उपाय असा की सुडोनं आधी आपणच पोस्टग्रेस व्हायचं. "म्हणजे अंगात आणायचं," मी म्हणालो. दाजींना उपमा पसंत पडली. त्यांनी अंगात आणलं, आत गेले, स्वतःच्या नावाचा युजर काढला, त्याला हक्क दिले आणि माणसांत परत आले. याला दुपारचे दोन वाजले. आमटी तीनदा गरम झाली.

दाजींना तुम्ही नुसते खटपटे समजू नका. विषय त्यांना आतून कळतो. कॉड नावाचा आयबीएममधला गणिती, त्यानं 1970 साली निबंध लिहून सगळी माहिती तक्त्यांत मांडायची कल्पना काढली, हे ते मारुतीच्या पारावरही सांगतात. आणि फॉरेन की म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं सोपं करून मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नाही. "कीर्दीत खा.पा.चा रकाना असतो बघ. खातेपान. रक्कम इथं लिहायची, आणि हे खातं खतावणीत कुठल्या पानावर आहे तो आकडा शेजारी. झाली फॉरेन की! आमच्या बापजाद्यांनी लाल वहीत हेच केलंय." हे बोलताना त्यांचे डोळे ओलावतात.

गाडं अडलं ते बायकांपाशी. भिशीत सुनीता दोन. ताईच्या वहीत एक बँकवाली सुनीता, एक गिरणीवाली, विषय संपला. दाजींना प्रायमरी की हवी. एकीला 4, दुसरीला 9 असे नंबर दिले, तर ते नंबर लक्षात राहीनात. मग समोरच्या काकू. त्यांनी दोन हिस्से घेतलेले, म्हणजे हिस्से बारा पण बायका अकरा. ताईनं काकूंचं नाव दोनदा लिहिलं होतं. देवघरात चपला बघून कुणी कळवळावं, तसे दाजी हे बघून कळवळले. "एक माहिती एकाच जागी!" सभासदांचा तक्ता वेगळा, हिश्शांचा वेगळा, हप्त्यांचा वेगळा. आषाढापर्यंत पाच तक्ते झाले. सगळे रिकामे. चाचणीसाठी एक सभासद घातला होता, त्याचं नाव 'अअअ', हप्ता एक रुपया.

त्यात एकदा पंधरा मिनिटं पडदा गप्प. दाजी हाताची घडी घालून बसलेले. मी जवळ जाऊन बघितलं, तर बरोबरच्या चिन्हाच्या जागी एक आडवी रेघ आली होती. ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता, आणि बिचारं पोस्टग्रेस वाक्य पुरं व्हायची वाट बघत होतं. चहा घेऊन आलेली ताई म्हणाली, "मग द्या की अहो तो अर्धविराम. ताटकळत कशाला ठेवता?"

गणपतीच्या सुट्टीत उबंटू 22.04 चं 24.04 केलं. दाजींना वाटलं, पोस्टग्रेसही आपोआप वर चढेल. पण आवृत्ती चौदाची सोळा झाली नाही. चौदा 5432 नंबरच्या पोर्टवर होतं तिथंच राहिलं, आणि सोळानं शेजारी 5433 वर नवं बिऱ्हाड मांडलं. नव्याचा सोस असलेले दाजी नव्या दारावर गेले. आतून उत्तर आलं: भिशी नावाचा डेटाबेस अस्तित्वात नाही.

"सगळं गेलं," दाजी जिन्यात बसून म्हणाले.

"गेलं काय? त्यात होतं काय?" ताईनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. गेला तर 'अअअ' गेला असता, आणि तोही शेजारच्या खोलीत सुखरूप होता.

पोस्टग्रेसची नवी आवृत्ती वर्षाला एक, गणपती-नवरात्राच्या आगेमागे येते. सतरावी त्या साली नेमकी पितृपंधरवड्यात आली. या दिवसांत नवं काही विकत घेत नाहीत, असं ताईनं बजावलं. दाजी म्हणाले, "विकत कुठं घेतोय? फुकट आहे." सतरा 5434 वर बसलं. एकाच घरात तीन चुली.

मी एकदा पोस्टग्रेसऐवजी मायएसक्यूएल सुचवून बघितलं. ती माझी चूक. दाजींनी रात्रीच्या जेवणावर अख्खी वंशावळ काढली. कर्ता विडेनियस, फिनलंडचा. थोरल्या मुलीचं नाव माय, म्हणून मायएसक्यूएल. 2008 साली ते सन कंपनीनं एक अब्ज डॉलरला घेतलं, 2010 मध्ये सनच ओरॅकलकडे गेली. मधल्या काळात या गृहस्थानं त्याच मुळापासून दुसरं रोप लावलं आणि धाकट्या मुलीच्या नावानं मारियाडीबी केलं.

ताईनं भाकरी वाढता वाढता ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्यानं दोन्ही पोरींच्या नावानं काढलं. आपल्या एकीच्या नावानं साधी एफडी नाही."

दाजींनी दही मागितलं.

मार्चमध्ये भिशी फिटली. शेवटची चिठ्ठी ताईचीच, बारा हजार. मी गेलो तेव्हा वही कट्ट्यावर पडली होती, म्हणून चाळली. बारा नावं, बारा महिने, सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा, दोन ठिकाणी हळदीचे डाग. शेवटच्या पानावर मात्र अक्षर वेगळं, हेडक्लार्कचं, टपोरं. चौदा: 5432. सोळा: 5433. सतरा: 5434. प्रत्येकापुढे युजर आणि पासवर्ड, खाली दुहेरी रेघ. विसरायला होतं म्हणून दाजी हे ताईच्या वहीत लिहून ठेवतात.

त्या रेघेखाली ताईनं पेन्सिलीनं विचारलं होतं, "यातलं चालू कुठलं?"