शंभराचा प्लॅन, गणपतीच्या आधी

शंभर एमबीपीएसचा प्लॅन आमच्या घरी एकदाचा मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे पैसे कापले गेले. वेग मागाहून यायचा होता. ‘अपग्रेड यशस्वी झाले आहे’ असा मेसेज माझ्या मोबाईलवर आला तेव्हा पुतण्या परसातल्या फणसाखाली हॉटस्पॉट लावून ऑफिसची मीटिंग करत होता आणि पुण्यातला त्याचा मॅनेजर मागे कोण ओरडतंय म्हणून विचारत होता. कोंबडा होता. त्याला म्यूट करता येत नाही.

मी केबलवाल्याला फोन लावला. आमच्याकडे इंटरनेट कंपनी देत नाही, केबलवाला देतो. कंपनीचं नाव फक्त पावतीवर असतं. पूर्वी हाच भाऊ टीव्हीची केबल ओढायचा, आता फायबर ओढतो. शिडी तीच, वायर बदलली.

“काकानू, प्लॅन झालो,” तो म्हणाला. “आता लाईन बदलूक व्हयी.”

“कधी बदलणार?”

“गणपतीच्या आधी करून टाकतलंय.”

‘गणपतीच्या आधी’ ही कोकणातली सगळ्यांत सोयीची तारीख. महामार्गाचे खड्डे गणपतीच्या आधी भरायचे असतात, साकव गणपतीच्या आधी दुरुस्त व्हायचा असतो, आणि त्यात कुणी खोटं बोलत नाही, कारण गणपती कुठल्या सालचा ते कुणी सांगितलेलं नसतं.

आणि भावाची बाजू घ्यायची तर, त्याने काम करायचं तरी कधी? मिरगापासून दसऱ्यापर्यंत पाऊस. खांबासाठी खड्डा खणला की त्याची विहीर होते. दसऱ्यानंतर भातकापणी, तेव्हा शिडी धरायलासुद्धा माणूस मिळत नाही. दिवाळी झाली की गावोगावच्या जत्रा आणि दशावतार. रात्रभर नाटक बघितलेल्या माणसाला सकाळी खांबावर चढवू नये. पुढे आंगणेवाडी. तिथल्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरवतात. पण एकदा ठरली की ती बदलत नाही, हे इथे मुद्दाम नोंदवतो. मग शिमगा. मग काजू, मग आंबा. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी येतात, तेव्हा तर भाऊ फक्त पासवर्ड सांगत फिरतो. की आला पुन्हा मिरग.

आमची अडचण अशी होती की फायबर देवळापर्यंत आलं होतं. देवळासमोरच्या खांबावर एक डबा लटकत होता, आणि तिथून आमच्या वाडीत जुनी साधी लॅनची वायर झाडाझाडावरून आलेली. ही वायर सलग शंभर मीटरपर्यंतच चालते. पुढे जायचं तर मध्ये एक डबा बसवावा लागतो, आणि त्या डब्याला वीज लागते. खांबावरची वीज घ्यायला परवानगी हवी, म्हणून भावाने वाटेतल्या एका आजींच्या ओटीवरच्या प्लगमध्ये पिन खोचून दिली होती. सगळ्या वाडीचं इंटरनेट त्या प्लगवर. आजी काटकसरी. रात्री नऊ वाजता देवाला नमस्कार करून त्या घरातली सगळी बटणं बंद करत. पुतण्याच्या कंपनीचे अमेरिकेतले लोक नेमके तेव्हाच कामावर येत. आम्ही समजावलं, बिलातला फरक दर महिन्याला देऊ म्हटलं. “पैशाचा नाय रे,” आजी म्हणाल्या, “पण रात्रभर तो हिरवो दिवो माझ्याकडे बघत ऱ्हवता.” यावर काय बोलणार?

फायबरमधून जातो तो प्रकाश. काचेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. मुंबईपासून आमचं देऊळ पाचशे किलोमीटर धरलं, तर मुंबईत निघालेला प्रकाश अडीच मिलिसेकंदांत देवळासमोरच्या डब्यात हजर. तिथून माझी पडवी हाकेच्या अंतरावर. तेवढं अंतर कापायला तो शिमग्यापासून थांबला होता.

खरं तर थांबण्याची सवय आम्हाला जुनी. टेलिफोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबलेली पिढी अजून जिवंत आहे. अर्ज बापाने करायचा आणि पहिला ‘हॅलो’ मुलाने म्हणायचा, अशी घरं गावात दाखवता येतील. पुढे त्याच तांब्याच्या तारेवरून नेट आलं. पावसाळ्यात जॉइंटमध्ये पाणी शिरलं की ते दीड एमबीपीएसवर यायचं, पण ब्रॉडबँड म्हणून ताठ मानेने मिरवायचं. २००४ च्या धोरणात ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २५६ केबीपीएस पुरत होते. मग ५१२ झाले. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ही मर्यादा एकदम दोन एमबीपीएसवर नेली. आम्ही रात्री झोपलो तेव्हा घरात ब्रॉडबँड होतं, सकाळी उठलो तर नव्हतं. तार तीच, खांब तोच, बिलही तेच. आमच्या नेटवर पदावनतीची पाळी आली आणि त्याला साधी नोटीससुद्धा मिळाली नाही.

सरकारचंही गणपतीच्या आधी प्रकरण आहेच. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडायचं ठरवलं, तेही दोन वर्षांत. २०१५ साली योजनेचं नाव बदलून भारतनेट केलं. हे काम व्यवस्थित पार पडलं. पहिल्या लाखभर पंचायती व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यातली एक गोष्ट मला फार पटली. आतापर्यंत बरीच गावं एकाच सरळ रेषेत जोडली होती, म्हणजे पंगतीत वाढपी मध्येच थांबावा आणि पुढची सगळी पानं कोरडी राहावीत, तसं. तार एका जागी तुटली की पुढची सगळी गावं बंद. आता रेषेऐवजी गोल करायचे ठरले आहेत. एका बाजूने तुटली तर प्रकाश दुसऱ्या बाजूने फिरून येईल. दोन्ही बाजूंना जेसीबी लागला तर काय, असा प्रश्न हा देश पाहिलेल्या माणसालाच सुचेल.

कारण ज्या २०११ साली ही तार निघाली, त्याच साली मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण पनवेल-इंदापूर टप्प्यापासून निघालं. दोघांनीही आमच्या दिशेने यायचं होतं. जिथे जिथे दोघांची भेट होते, तिथे जेसीबी असतो. देशात खोदकामात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा फायबर तुटतं आणि तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच अंदाज. त्यावर मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं: खणणाऱ्याने आधी ॲपवर कळवायचं, म्हणजे ज्याची तार खाली असेल तो सावध होईल. आमच्याकडे ही पद्धत आधीपासून आहे. जेसीबीवाला इंजिन बंद न करताच ओरडतो, “खाली काय आसा काय रेऽऽ?” आणि जवळच्या पडवीतून कुणीतरी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर देतो, “कायएक नाय!”

जेसीबीतून वाचलं ते माकडांचं. वाराणसीच्या घाटांवरची फायबर माकडांनी खाल्ल्याच्या बातम्या २०१५ मध्ये परदेशी पेपरांतसुद्धा आल्या होत्या. आमची माकडं नारळ, केळी, चिकू, कौलं यांतून सवड मिळाली तरच तारेकडे वळतात, एवढीच आमची जमेची बाजू.

गणपती आले. चाकरमानी आले. प्रत्येकाच्या खिशात दोन फोन, आणि पोरांचे वेगळे. आरतीच्या वेळी सगळे हात टाळ्यांत गुंतले की स्पीड जरा वाढे. शेवटची आरती होऊन प्रसाद वाटला की पुन्हा सगळं गोल गोल फिरू लागे. मग शेजारच्या आबांनी मनावर घेतलं. आबांना नेटचं काही नाही, पण पुतण्याचा कोंबडा त्यांचा होता आणि त्यावरून घरात रोज बोलणी होत होती. देवळात, त्या खांबाच्या अगदी समोर, आबांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा म्हाराजाऽ!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही सगळे.

“आज जी काय कंपनीची तार तुझ्या दारापर्यंत इलेली आसा...”

“व्हय म्हाराजा!”

“ती हयसरच अडकान न ऱ्हवता वाडीत घराघरांत जावंदे! आडवो येणारो जेसीबी, माकड, नि उद्या-परवा सांगणारो केबलवालो, ह्येंका बाजूक सार रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यातला सगळ्यांत मोठा आवाज केबलवाल्याचा होता.

इकडे आमचा शहाण्यासुरत्या माणसांचा मार्गही चालू होता. हेल्पलाईनवरची मुलगी दरवेळी हिंदीतून, अतिशय गोड आवाजात, राऊटर बंद करून चालू करायला सांगे. तक्रार नोंदवली की संध्याकाळी ती सुटल्याचा मेसेज येई. सुटली नाही असं कळवायला एक लिंक होती. ती उघडायला नेट लागे.

अखेर काम झालं ते भातकापणीच्या ऐन धामधुमीत, जेव्हा कुणीच अपेक्षा केली नव्हती. भाऊ दोन पोरं घेऊन आला, आंब्यावरून माडावर आणि माडावरून आमच्या वाशावर बारीक काळी तार ओढली, स्प्लायसिंगच्या यंत्रात केसाएवढे दोन धागे ठेवले, झाकण लावलं, आणि भिंतीवर नवा डबा बसवला. स्पीड टेस्ट केली. चौऱ्याण्णव! भावाने मोबाईल सगळ्यांना फिरवून दाखवला, त्याचा फोटो काढला, आणि पुतण्याने तो कंपनीच्या ग्रुपवर टाकला. आजी सुटल्या, आम्ही त्यांच्या ओटीवरचा डबा काढून आणला. दोन दिवसांनी त्याच विचारत होत्या, “तो दिवो खय गेलो रे? काळोखात बरो वाटायचो.”

चौऱ्याण्णव ते डब्याच्या समोर. आमचं घर आजोबांनी बांधलेलं, चिऱ्यांच्या दीड हात जाड भिंतींचं. वायफायला जांभा दगड मानवत नाही. माजघरात चौऱ्याण्णव, ओटीवर तीस, पडवीत गंमत म्हणून चार. फणसाखाली पूर्वीइतकंच. तरी पुतण्या माजघरात मेज मांडून, कोंबड्यापासून लांब, सुखाने बसला. पंधरवडा गेला असेल नसेल, त्याच्या कंपनीचा मेल आला. उत्तम वेगाने आला, उघडायला क्षण लागला नाही: सर्वांनी आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात हजर राहावे. रविवारी त्याला पुण्याची गाडी धरून दिली.

आता शंभराचा प्लॅन आम्हा दोघांना. बायको मुलीशी बोलते, मी पेपर वाचतो. एवढ्याला जुने दीड एमबीपीएससुद्धा पुरले असते, पण हे भावाला सांगायची माझी छाती नाही. खरा उपयोग आबांनी शोधून काढला. जत्रेच्या रात्री देवळात दशावतार होता आणि वाडीतली पोरं तो मोबाईलवरून लाईव्ह दाखवत होती. आबांचे गुडघे दुखत होते, बाहेर थंडी होती. ते आमच्या माजघरात शाल गुंडाळून टीव्हीसमोर बसले, चहा घेतला, आणि संकासुरापासून सगळं नाटक घरबसल्या बघितलं. चित्र इतकं स्वच्छ की राजाच्या गालावरचा रंग कुठे पुसलाय तेही दिसत होतं. “आता देवळात कशाक जावचा?” आबा म्हणाले.

पहाटे राजा आणि राक्षस युद्धाला उभे राहिले. झांज-पखवाज वाढला, राजाने तलवार उचलली, आणि तलवार वरच राहिली. एक पाय हवेत, राक्षसाचा आ वासलेला. मी डबा तपासला, सगळे हिरवे दिवे व्यवस्थित. स्पीड टेस्ट लावली, चौऱ्याण्णव. मग लक्षात आलं, आमच्या बाजूने काहीच बिघडलेलं नव्हतं. देवळातली पोरं टॉवरच्या डेटावर दाखवत होती, आणि जत्रेतल्या हजारभर माणसांनी तो टॉवर एकदमच बसवला होता. फायबरचा डबा त्यांच्या डोक्यावर खांबाला लटकत होता. देवळाने मात्र कनेक्शन घेतलेलं नव्हतं.

आबांनी थोडा वेळ वाट बघितली. पखवाज तर आम्हाला खिडकीतून सरळ ऐकू येत होता, जोरात. मग त्यांनी शाल डोक्यावरून घेतली, बॅटरी मागितली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“चल रे, मरता की नाय तो बघून येवया.”