नोंद क्रमांक 25 यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. नोंद क्रमांक 25,
समवर्ती सूची, सातवी अनुसूची, भारताचे संविधान.

विषय: सरकारी शाळा चालविण्याच्या कामी केंद्र सरकारच्या भूमिकेबाबत.

महोदया,

संविधान लागू झाले तेव्हा शिक्षण हा राज्यांचा विषय होता. राज्य सूचीतील अकराव्या नोंदीत त्याचा मुक्काम होता आणि पंचविसाव्या नोंदीकडे कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण एवढेच खाते होते. आणीबाणीत, 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अकरावी नोंद वगळली गेली आणि सगळे शिक्षण पंचविसावीच्या पदरात पडले. जंगले, वन्य प्राणी आणि वजनमापे यांचीही बदली त्याच फेरीत झाली. हा बदल 3 जानेवारी 1977 रोजी अमलात आला. त्या दिवशी सावित्रीबाई फुले यांची जयंती असते, याची दखल दप्तरी अर्थातच नाही. मूळचे कामगार नोंदीच्या शेवटी, अर्धविरामापलीकडे, अजून उभे आहेत.

समवर्ती सूचीतील विषयावर संसद आणि विधिमंडळ दोघांनाही कायदा करता येतो. दोन्ही कायद्यांत विरोध आला तर कलम 254 प्रमाणे साधारणतः संसदेचा कायदा वरचढ ठरतो. शाळेचे कुलूप सकाळी कोणी उघडायचे, हे मात्र सदर नोंदीत लिहिलेले नाही. महाराष्ट्राच्या खेड्यात ते जिल्हा परिषदेचे गुरुजी उघडतात, त्यांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो आणि मुलांच्या हातातली पुस्तके 1967 मध्ये स्थापन झालेली बालभारती काढते. केंद्राच्या स्वतःच्या शाळा म्हणजे मुख्यतः 1963 पासूनची केंद्रीय विद्यालये आणि 1985-86 पासूनची नवोदय विद्यालये. पहिल्या दोन नवोदयांपैकी एक अमरावतीचे. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आसपास, आणि देशातल्या सरकारी शाळा सुमारे दहा लाख. तेव्हा केंद्र शाळा चालवते असे म्हणणे धाडसाचे आहे. ते शाळा चालवणाऱ्यांना चालवते.

यातले काही काम केंद्रावाचून झालेच नसते, हेही नमूद करणे भाग आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 मध्ये मांडले आणि पुढच्याच वर्षी ते फेटाळले गेले. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 मध्ये जे आपापल्या संस्थानापुरते केले, ते साऱ्या देशात नेण्यासाठी 2002 ची शहाऐंशीवी घटनादुरुस्ती आणि शिक्षण हक्क कायदा यावा लागला. 1 एप्रिल 2010 पासून 6 ते 14 वयाच्या मुलाला शाळा हा हक्क म्हणून मिळाला. संविधानाने त्यासाठी मुळात दहा वर्षांची मुदत घातली होती. काम साठ वर्षांनी झाले, पण झाले. दुपारचे जेवण तामिळनाडूत मुख्यमंत्री कामराजांनी 1956 मध्ये सुरू केले, ते देशाच्या योजनेत 1995 मध्ये आले, आणि कोरड्या धान्याऐवजी शिजवलेले अन्न द्या हे 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. 2021 मध्ये या जेवणाला पंतप्रधानांचे नाव मिळाले. ते रांधणाऱ्या बाईच्या मानधनाचा केंद्राचा दर मात्र 2009 पासून महिना 1,000 रुपये आहे, तोही वर्षातले दहा महिने, आणि त्यातलेही 40 टक्के बहुतेक राज्यांनी घालायचे.

पैशाचा हिशेब हा या प्रकरणातला सर्वांत मनोरंजक भाग. कोठारी आयोगाने 1966 मध्ये शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्चाचा आग्रह धरला. 1968, 1986 आणि 2020 या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी तोच आकडा भक्तिभावाने पुन्हा लिहिला. खर्चाचा मोठा वाटा आजही राज्येच उचलतात. 2004 मध्ये शिक्षणासाठी 2 टक्के उपकर आला. तो वाढत आणि नाव बदलत 2018 पासून आरोग्य व शिक्षण मिळून 4 टक्के झाला. उपकर राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. तो केंद्राकडे जमतो आणि योजना होऊन, अटींसह परत येतो. 2018 च्या ‘समग्र शिक्षा’ योजनेत बहुतेक राज्यांसाठी केंद्र व राज्याचा वाटा 60 आणि 40 असा आहे, ईशान्येकडील व हिमालयातील राज्यांना 90 आणि 10.

हे पैसे शाळेपर्यंत कसे पोहोचतात, ते लहान शाळेत पाहावे. पट 30 पर्यंत असेल तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला 10,000 रुपये. यात खडू, दुरुस्ती, विजेचे बिल, इंटरनेट, आणि किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. ते मार्चच्या तोंडावर आले तर मुख्याध्यापक आठवडाभरात खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र देतात. उरलेल्या वेळात ते यू-डायस या शालेय माहितीच्या पोर्टलवर प्रत्येक मुलाची माहिती भरतात, आधारवरचे नाव आणि जनरल रजिस्टरमधले नाव यांतली वेलांटी जुळवतात, आणि ‘अपार’ या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी पालकांचे संमतिपत्र गोळा करतात. शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 27 सांगते. जनगणना, आपत्ती निवारण आणि सर्व पातळ्यांवरच्या निवडणुका एवढाच अपवाद. एवढ्या अपवादांनंतर वर्गात शिकवणे कितपत उरते, हे त्या कलमात नाही.

अलीकडे केंद्राची भूमिका अधिक ठसठशीत झाली आहे. 2022 च्या ‘पीएम श्री’ योजनेत 14,500 हून अधिक शाळा आदर्श करायच्या आहेत. बहुतेक राज्ये यातही 40 टक्के देतात. शाळेच्या नावाआधी ‘पीएम श्री’ लागते. आणि पाच वर्षांनी योजना संपली की तो दर्जा राज्याने राखायचा. राष्ट्रीय धोरण राबवण्याची अट असलेल्या या योजनेच्या करारावर तामिळनाडूने सही केली नाही. त्यानंतर त्या राज्याचे 2024-25 चे ‘समग्र शिक्षा’चे पैसे अडले आणि ते राज्य 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. एका योजनेची सही दुसऱ्या योजनेच्या पैशाला लागते, हे समवर्तीपणाचे नवे दर्शन. महाराष्ट्राला अशा तगाद्याची गरज पडली नाही. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय राज्याने राष्ट्रीय धोरणाचा हवाला देत 16 एप्रिल 2025 रोजी स्वतःच काढला, आणि लोक खवळल्यावर 29 जूनला मागे घेण्याची घोषणाही स्वतःच केली. धोरणाच्या मजकुरात कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, असे वाक्य आहे.

सबब, सदर नोंदीने जमा उपकर, शाळांपर्यंत पोहोचलेली रक्कम आणि अडवून ठेवलेली रक्कम यांची माहिती विहित नमुन्यात, दोन प्रतींत, तीन दिवसांच्या आत केंद्रप्रमुखांमार्फत सादर करावी. नेटवर्क नसल्याची सबब ग्राह्य धरली जाणार नाही.

प्रत माहितीस्तव: कामगारांचे व्यावसायिक व तांत्रिक प्रशिक्षण, अर्धविरामानंतर.