पूर्वीच्या नूडल्स

डोंबिवलीचे आमचे अप्पा मेनूकार्ड वाचतात ते उजवीकडून, म्हणजे किमतीकडून. ‘व्हेज हक्का दोनशे वीस!’ असं म्हणून चष्मा काढतात, पुसतात, पुन्हा लावतात. आकडा हलत नाही. मग शेजारच्या टेबलालाही लाभ व्हावा अशा आवाजात, ‘पूर्वीची चव राहिली नाही हो!’ हे अजून ऑर्डरही न देता.

ऑर्डर घेणारा पोरगा नवा असला तर त्याची शिकवणी होते. ‘मांचुरियन चीनचं नव्हे रे, आपल्या मुंबईचं. १९७५ साल, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया, नेल्सन वाँग! आलं-लसूण-मिरची परतली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला.’ पोरगा विचारतो, ‘ड्राय की ग्रेव्ही?’

प्लेट आली की अप्पा काट्याने ढीग उपसतात. वरच्या थरात नूडल्स, खाली कोबीच कोबी. एक पान उचलून ते सगळ्यांना दाखवतात. व्हिनेगरमधल्या मिरच्या पूर्वी न मागता यायच्या, आता मागाव्या लागतात. म्हणून अप्पा त्या दोनदा मागतात आणि दोनशे वीसमधले निदान वीस तरी वसूल करतात.

खरं सांगायचं तर त्यांचं निदान अचूक आहे. नूडल्सना भडक आच लागते आणि कढईत मोकळी जागा. एखाद-दुसरी प्लेट परतली तर त्या सुटसुटीत होतात, धुराचा तो खमंग वास येतो. पार्सलांच्या घाईत आठ प्लेटी एकदम ओतल्या की परतणं राहतं बाजूला, नुसत्या वाफलतात. तो गिचका झाकायला सोया सॉस आणि सोया सॉस झाकायला शेजवान चटणी. मालकाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. गल्ल्यावर बसून पार्सलं मोजणाऱ्याला नूडल्स कशाला खाव्या लागतात?

मध्यंतरी लेकीने अप्पांना दुसरीकडे नेलं. नूडल्स फक्कड, कोबी बेताचा, मिरच्या आपणहून आलेल्या. अप्पा जेवणभर गप्प. लेक घाबरली, ‘बाबा, बरं वाटत नाहीये का?’

पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा जुन्या टेबलावर. सूप वन बाय टू, एक हक्का, एक मांचुरियन. पहिल्याच घासाला चेहरा खुलला.

‘भिकार! एकदम भिकार! ए पोरा, अजून थोडी शेजवान आण रे.’